आंबट पाणी ओतलं, चकती जपली : फोंड्यातल्या एका बरणीचं प्रकरण

जुलैमध्ये फोंड्याजवळच्या एका घरात कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या, बरणीवर बुरशी धरली. घरातल्या सगळ्यांनी एकमताने पावसाला दोष दिला. फोंडा तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हा आरोप खोटा वाटणार नाही. चपलांवर बुरशी येते, पट्ट्यावर येते, कपाटातल्या पुस्तकांवर येते, मग चहावर का येऊ नये? तरीही मला ते पटलं नाही. पाऊस त्या स्वयंपाकघरात होताच, पण बरणी बिघडली ती आधी मे महिन्यात घेतलेल्या एका निर्णयामुळे. तो निर्णय नवखा माणूस हमखास घेतो, म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात मांडतो.

घर माझ्या शेजारचं. सून बँकेत नोकरीला, मुलगा व्यवसायात, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आणि लोणच्या-पापडांत मुरलेल्या. उच्च माध्यमिकला बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे वाडीत काहीही फसफसलं, गंजलं किंवा बिघडलं की लोक मला हाक मारतात. वहिनींनी (सुनेला मी वहिनी म्हणतो) तशीच हाक मारली.

कोंबुचा म्हणजे साखर घातलेला कोरा चहा, जिवाणू आणि यीस्ट यांच्या एकत्र वसाहतीकडून आंबवून घेतलेला. यीस्ट साखर फोडतं आणि तिचं अल्कोहोल करतं. ॲसेटिक जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल. सोबत ग्लुकोनिक ॲसिडही तयार होतं. गोव्यात हे कुणाला नव्याने सांगावं लागू नये. रेंदेराकडून (माडावरून रस काढणाऱ्याकडून) आणलेली सूर, म्हणजे माडाची ताडी, ठेवून दिली की आधी चढते आणि मग आंबून तिचं व्हिनेगर होतं; तिथेही हेच दोन कामगार, याच क्रमाने कामाला येतात. कोंबुचात ते एकाच वेळी राबतात आणि आपण मध्येच, साखर थोडी शिल्लक असताना, काम थांबवतो. जिवाणू काम करता करता पृष्ठभागावर सेल्युलोजची एक जाड, रबरी चकती विणतात. तिला स्कोबी म्हणतात, मदरही म्हणतात. दिसायला तीच एक ठळक वस्तू असते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जातं. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

वहिनींची पहिली बरणी मे महिन्यातली. पणजीच्या मैत्रिणीने त्यांना एका डब्यातून चकती आणि ती बुडेल इतकं पाणी, म्हणजे आधीच्या घाण्याचं आंबट कोंबुचा, दिलं. त्यांनी नेहमीच्या चहापुडीचा कोरा चहा केला, साखर विरघळवली, गार केला, डब्यातलं सगळं बरणीत ओतलं, वर कापड बांधलं. कृतीत चौदा दिवस लिहिले होते, म्हणून चौदा दिवस थांबल्या. आता, इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक कृती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या असतात. त्यांच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस अंश असतात. मे महिन्यात आपल्याकडे बंद स्वयंपाकघरात तीस-बत्तीस सहज होतात. त्या उष्णतेत आंबण्याचं काम आठवड्यात, कधी त्याही आधी, उरकतं. चौदाव्या दिवशी बरणीत जे होतं ते पिण्यासारखं राहिलं नव्हतं. घोट घेतला की जबडे आवळायचे. वहिनी म्हणाल्या, "सर, सरळ व्हिनेगर झालं होतं, म्हणून ओतून टाकलं."

चकती मात्र जपली. नळाखाली स्वच्छ धुतली, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली.

जून असाच गेला. जुलैत त्यांनी पुन्हा मनावर घेतलं. चहा, साखर, गार करणं सगळं पहिल्यासारखंच. विरजणाचं आंबट पाणी हवं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते आता नव्हतं. त्यावर कुणीतरी उपाय सांगितला की आंबटपणाच हवा ना, मग लिंबू पिळा. त्यांनी दोन लिंबं पिळली. वहिनी हिशेबी बाई. त्यांनी पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) मोजायच्या पट्ट्याही मागवल्या होत्या. पट्टी चारच्या खाली गेली, म्हणजे कागदावर सगळं ठीक. चकती अलगद सोडली, ती तरंगली, कापड बांधलं आणि बरणी फडताळावर ठेवली, पावाच्या टोपलीशेजारी.

पाच-सहा दिवसांनी मला बोलावलं. कापड सोडून मी बरणी खिडकीशी नेली. चकती एका बाजूने उचललेली होती, तिचा साधारण अर्धा भाग पाण्याबाहेर, वरून कोरडा. त्या कोरड्या भागावर चार ठिपके. मोठा ठिपका जुन्या चार आण्याएवढा, मध्ये शेवाळी हिरवा, कडेला पांढऱ्या कापसाची बारीक झालर. जिथे चकती ओली होती, तिथे काहीच नव्हतं. चहाच्या उघड्या पृष्ठभागावर नवा थर अजिबात धरला नव्हता आणि वास अजून गोड चहाचाच येत होता. या शेवटच्या दोन गोष्टी माझ्या दृष्टीने बुरशीपेक्षा महत्त्वाच्या होत्या. जुलैतही तिथे अठ्ठावीसच्या आसपास तापमान असतं. इतक्या दिवसांत आंबट-व्हिनेगरी वास यायला हवा आणि पृष्ठभागावर निदान सायीसारखा पातळ पडदा दिसायला हवा. दोन्ही नव्हतं, म्हणजे बरणीत कामगारच पुरेसे नव्हते.

इथे एक खुलासा. नवखे लोक बुरशी नसलेल्यालाही बुरशी समजून घाबरतात. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे हे यीस्ट असतं. नवा थर धरताना पांढरे, अर्धपारदर्शक, ओलसर ठिपके दिसतात, तेही चांगलेच. बुरशी नेहमी वरच्या बाजूला, कोरडी आणि लव असलेली असते. हिरवी, काळी, निळसर किंवा पांढरी. शंका असेल तर आणखी दोन दिवस थांबावं. बुरशीवरची लव वाढते, ठिपक्याला रंग चढतो. चकतीचा नवा थर गुळगुळीत आणि चकचकीत होत जातो.

सासूबाईंचा निवाडा तयार होता. "पावसात मीठसुद्धा पाणी होतं, तिथे हे काय टिकणार?" मुलाचा संशय टोपलीवर होता, कारण पदेराचा (पाववाल्याचा) पाव पावसात तिसऱ्या दिवशी बुरसटतो आणि बरणी त्याला चिकटून होती. वहिनींना नळाच्या पाण्याची शंका होती. फोंड्याला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, त्याने जिवाणू मेले असतील का? शंका शहाणी होती, पण पाणी खळखळून उकळलं की क्लोरीन उडून जातं, आणि मे महिन्यात त्याच पाण्यावर बरणी व्यवस्थित आंबली होती. चहापूडही तीच होती. मसाला चहा किंवा सुगंधी तेल लावलेला चहा असता तर मी जरूर त्याकडे बोट दाखवलं असतं.

पावाचा मुद्दा मात्र नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. बुरसटलेल्या पावाजवळ बीजाणू (बुरशीची हवेत उडणारी बीजं) जास्त असणार हे खरं. पण बीजाणू त्या घरात सगळीकडे होते: नारळाच्या किसात, खिडकीच्या चौकटीवर, कांद्याच्या सालीवर, आणि ते मे महिन्यातही होते. दमट हवेत ते जोमाने रुजतात, हेही खरं. प्रश्न एवढाच की बरणीत पडल्यावर त्यांना रुजायला जागा का मिळाली. त्यांना रोखणारं जे काही पहिल्या बरणीत होतं, ते दुसऱ्या बरणीत नव्हतं.

ते म्हणजे मे महिन्यात मोरीत ओतलेलं आंबट पाणी.

आता लिंबाचं. पट्टी चारच्या खाली असूनही बुरशी कशी आली, हा वहिनींचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि या प्रकरणात मला सगळ्यात रस वाटला तो इथेच. पीएच हा आकडा पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगतो. ते आम्ल कुठलं आहे ते सांगत नाही. ॲसेटिक ॲसिडचा रेणू पीएच ४ ला सुमारे ८५ टक्के अखंड, विद्युतभाराशिवाय असतो. असा रेणू बुरशीच्या पेशीचं आवरण ओलांडून आत शिरतो, आत गेल्यावर फुटतो आणि पेशीचं आतलं गणित बिघडवतो. पीएच ५ ला अखंड रेणूंचं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, म्हणून विरजण भरपूर हवं. आम्लही हवं आणि पीएचही खाली हवा. लिंबातलं सायट्रिक ॲसिड पीएच चारला बहुतेक भारित रूपात असतं, त्याला आवरण सहज ओलांडता येत नाही. शिवाय अनेक बुरशी ते चक्क खातात. कापून ठेवलेल्या लिंबावर हिरवी बुरशी कुणी पाहिली नाही? आणि उद्योगातलं सायट्रिक ॲसिड तर एका काळ्या बुरशीकडूनच, ॲस्परजिलस नायजरकडून, करून घेतात. जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये ती रीत दाखवली आणि तेव्हापासून जगातलं बरंचसं लिंबूसत्त्व लिंबाशिवायच तयार होत आलं आहे. जे आम्ल बुरशी स्वतःच बनवते, त्याने बुरशी बिचकेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पट्टी खोटं बोलली नव्हती, आपण तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

विरजणाच्या पाण्याचं दुसरं काम त्याहून मोठं. त्यात कोट्यवधी जागे जिवाणू आणि यीस्ट मोकळे तरंगत असतात. गोड चहा मिळाला की लगेच कामाला लागतात. चकतीतही ते असतात, नाही असं नाही. पण ही चकती नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतलेली, मग आठवडेच्या आठवडे फ्रिजमध्ये गारठलेली. तिच्यातले जिवाणू जागे होऊन आम्ल तयार करेपर्यंत बुरशीला चार-पाच मोकळे दिवस मिळाले, आणि चकतीचा पाण्याबाहेर आलेला कोरडा भाग तिला बसायला आयताच मिळाला. म्हणजे जी वस्तू जपली, तिनेच बुरशीला पाट मांडून दिला.

हे सगळं तोंडी पटलं तरी घरात पटत नव्हतं, विशेषतः सासूबाईंना. म्हणून आम्ही दोन बरण्या लावल्या. वहिनींना म्हटलं, मैत्रिणीकडून पुन्हा मागा, पण या वेळी फक्त पाणी मागा, चकती नको. मैत्रिणीला हे विचित्र वाटलं असावं. चकतीशिवाय कोंबुचा म्हणजे तिच्या लेखी अक्षताच नाहीत असं लग्न. पण तिने जुनं, चांगलं आंबलेलं पाणी बाटलीभर दिलं. एका बरणीत एक लिटर गोड चहा आणि ते पाणी दोनशे मिली, चकती नाही. दुसऱ्यात तितकाच चहा, लिंबू आणि मैत्रिणीचीच एक जास्तीची चकती (ती तिने न राहवून सोबत दिलीच होती), नळाखाली धुऊन. दोन्ही त्याच फडताळावर, मुद्दाम पावाच्या टोपलीशेजारी, बाहेर तोच धो धो पाऊस.

पाण्याच्या बरणीवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पातळ पडदा दिसला आणि आठवड्यात त्याची दुधी, सलग चकती झाली. लिंबाच्या बरणीवर पुन्हा कोरड्या कडेला हिरवं आलं. एका स्वयंपाकघरातल्या दोन बरण्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात सांगत आलो आहे. पण आरोपी पाऊसच असता तर त्याने दोघींना सारखीच शिक्षा दिली असती.

बुरशीच्या बरणीचं काय करायचं, यावर थोडी वादावादी झाली. लोणच्याच्या तोंडाला बुरशी आली की सासूबाई वरचा थर काढून खालचं वापरतात आणि त्यांचं म्हणणं इथेही तसंच करावं. मी ठाम नाही म्हणालो. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात, काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात, आणि तीच चकती पुढच्या बरणीत घालणं म्हणजे रोग पुढे पाठवणं. चकती, चहा, कापड सगळं टाकायचं. बरणी साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवायची. टाकताना वहिनींना वाईट वाटलं. आत काय होतं, तर दोन चमचे चहा आणि अर्धी वाटी साखर.

सासूबाईंनी मग आपली जुनी चिनी मातीची बरणी देऊ केली, काचेपेक्षा गार राहते म्हणून. तीही नाकारावी लागली. जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि कोंबुचाचं आम्ल आठवडाभर बसून ते ओढून घेतं. सिरॅमिकच्या भांड्यात केलेल्या कोंबुचामुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मिठाचं लोणचं ज्या बरणीत पिढ्यान्‌पिढ्या घातलं ती बरणी कोंबुचाला चालत नाही, हे ऐकून सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण लोणचं त्यांनी अजून हलवलेलं नाही, आणि त्यावर मी बोलायला हवं असं मला वाटत राहतं.

सुधारलेली रीत अशी ठरली. एक लिटर पाणी उकळायचं, दोन चमचे साधी चहापूड, सत्तर ग्रॅमच्या आसपास पांढरी साखर. गूळ, माडाचा गूळ, मध हे सगळं नंतरचे प्रयोग. चहा गाळून पूर्ण गार होऊ द्यायचा, बोटाला कोमटही लागता कामा नये. त्यात दीडशे ते दोनशे मिली आंबट पाणी. पावसाळ्यात मी दोनशेच्या खाली जाऊ देत नाही. आंबट पाणी कमीच असेल तर त्या प्रमाणात चहा कमी करायचा. अगदीच अडचण असेल तर बाटलीतलं साधं पांढरं व्हिनेगर थोडं घालून आम्लाची भर टाकता येते, त्याने बुरशी रोखली जाते. पण जिवाणू-यीस्ट मिळत नाहीत, तेव्हा ते पूरकच. घरचं सुरेचं व्हिनेगर इथे नको, त्यात त्याचे स्वतःचे जिवंत जिवाणू असतात आणि ते आपलीच वसाहत मांडतात. चकती असेल तर घालावी, नसेल तर खंत नको. वरच्या पृष्ठभागावर पहिल्या दिवशीच चमचाभर आंबट पाणी अलगद सोडलं की वरचा थर आम्लात राहतो. तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड, रबराने आवळून. वहिनींनी आधी चहाच्या गाळणीसारखं विरळ कापड लावलं होतं, त्यातून चिलटं आत जातात आणि अंडी घालतात. आमरसाच्या दिवसांत तर विचारूच नका.

आणि दिवस मोजणं बंद. चौथ्या दिवसापासून रोज स्वच्छ चमच्याने एक घोट चाखायचा. गोडी आणि आंबटपणा जिभेवर बरोबरीला आले की झालं. पट्टी तेव्हा साधारण तीनच्या आसपास दाखवते. अडीचच्या खाली गेलं तर ते पिण्यासाठी नको, पण ओतायचंही नाही. त्याला वेगळ्या बरणीत ठेवायचं, तेच पुढचं उत्तम विरजण. पिण्यासाठी काढायच्या आधी दरवेळी पुढच्या घाण्याचं पाणी वरच्या नव्हे, पण गाळही नसलेल्या मधल्या थरातून बाजूला काढून ठेवायचं. तळाशी यीस्ट जास्त असतं आणि सारखं तळातलंच घेत गेलं तर चव हळूहळू बिअरकडे झुकते.

फेस हवा असेल तर बाटलीत दुसरं आंबवणं. वहिनींनी कोकम आगळाचे चार थेंब, एकदा अननस, असं करून पाहिलं. आगळात मीठ घातलेलं असतं, त्यामुळे बिनमिठाची सोलं भिजवून घेतलेली बरी. इथे एकच गोष्ट सांगण्यासारखी: आपल्या उष्म्यात बाटल्या दीड-दोन दिवसांत फुगतात आणि पातळ काच फुटू शकते. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरावी. ती दाबली जाईनाशी झाली की सगळ्या फ्रिजमध्ये. पावसात वीज गेली आणि फ्रिज रात्रभर बंद राहिला तर सकाळी बाटल्या उघडताना मोरीवर धरून उघडाव्यात.

प्यावं कुणी, हा विषय घरात निघालाच, कारण मुलाला मधुमेह आहे आणि वहिनींची नणंद बाळंतपणासाठी यायची होती. आंबवून सगळी साखर जात नाही. चवीला गोड लागतं तोवर बरीच शिल्लक असते, तेव्हा मधुमेह्याने हे औषध समजून पिऊ नये. दुसऱ्या आंबवण्यात अल्कोहोलही वाढतं, बिनअल्कोहोलच्या पेयासाठी धरलेली अर्ध्या टक्क्याची रेषा घरगुती बाटली सहज ओलांडते. गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाने घरचं कोंबुचा टाळावं. अमेरिकेत आयोवा राज्यात १९९५ मध्ये कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. कोंबुचाचाच दोष होता हे सिद्ध झालं नाही, तरी निरोगी माणसाने दिवसाला अर्धा कप एवढ्यावर थांबावं अशी सावध चाल तेव्हापासून सुरू झाली, आणि मला ती योग्य वाटते. नणंदेच्या ताटाशी म्हणून सोलकढीच ठेवली जाते.

आता चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली. त्या दिवसांत स्वयंपाकघरात पाहुणे, मोदक-नेवऱ्या आणि सोवळं, बरणीला जागा नसते. वहिनी विचारत होत्या की चकती फ्रिजमध्ये ठेवू का. ठेवू नका म्हटलं. निम्मा नवा गोड चहा, निम्मं जुनं आंबट पाणी अशी एक बरणी भरा, कापड बांधा आणि पडवीतल्या अंधाऱ्या फडताळावर चार-पाच आठवडे विसरून जा. परत याल तेव्हा ते कडक आंबट झालेलं असेल, पिता येणार नाही. त्यातलं दोनशे मिली घ्या आणि पुढची बरणी लावा.